टाकीला वास येत नव्हता

अण्णा,

ट्रेलर गेला, जीप गेली. टाकी मात्र मी ठेवून घेतली आहे. मागच्या अंगणात आडाच्या कठड्याशेजारी ती विटांवर तिरकी ठेवली आहे, तळाची तोटी उघडी आहे आणि वरच्या तोंडाला मलमल बांधली आहे. तिरकी का, असं कोणी विचारलं तर मी तुमच्याच शब्दांत सांगते, की सपाट टाकीत शेवटचं पाणी कोपऱ्यात अडकतं आणि तेच आधी कुजतं. पाहुणे माना डोलावतात. मग कोणीतरी विचारतं की हिच्यात पाणी कधी भरता, आणि मी मलमलीची गाठ घट्ट करू लागते.

आईला बाहेरचं पाणी चालत नसे. ही गोष्ट आज कोणाला सांगितली तर लोकांना ती भाबडी आणि गोड वाटते. मला ती तेव्हाही मूर्खपणाची वाटे आणि आजही वाटते. सख्ख्या भावाच्या लग्नात, इचलकरंजीला, दिवसभर कोरड्या घशाने वावरून संध्याकाळी घरी आल्यावर तिने आडाचं पाणी शेंदून घेतलं आणि ओट्यावर बसून एकामागून एक तांबे रिचवले, ते मी पाहिलेलं आहे. तुम्ही अभियांत्रिकीचे प्राध्यापक; देवघरात तुमचं पाऊल पडत नसे. तुम्ही तिच्याशी वाद घालाल अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही वाद घातला नाहीत. उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये जीपमागे जोडायच्या ट्रेलरचा सांगाडा करून घेतलात, त्यावर पत्रा चढवलात, आत दोन बाकं, एक ओटा आणि ओट्याखाली ही जस्ती टाकी बसवलीत, आणि आडाचं पाणीच चाकांवर घातलंत. आई त्याला खोली म्हणे. शेजारचे वकीलकाका फाटकाशी उभे राहून म्हणत, "काय सर, घर घेऊन कुठं निघालासा? आमाला तरी सांगून जावा, न्हाईतर पोस्टमन हुडकत बसंल!"

पहिल्याच सफरीच्या आदल्या दिवशी खोळंबा झाला. टाकीतून पाणी वर खेचायला तुम्ही हातपंप बसवला होता आणि त्याचा वायसर गावातल्या उत्तम चामड्यातून कापून आणला होता, तेलात मुरवलेला. तुम्ही तो कौतुकाने आईला दाखवलात. शिकलेल्या माणसाने करावी अशी ती चूक नव्हती; निदान या घरात तरी नव्हती. आई म्हणाली, "चामड्यातून आलेलं पाणी मी पिणार? अहो, मग स्टँडवरच्या हॉटेलानं काय घोडं मारलं होतं?" तुम्ही सायकलच्या ट्यूबचा वायसर कापलात, पाण्याला रबराचा वास आला. तो उकळलात, वास उरलाच. मी म्हणाले, "अण्णा, तिला एकदा नीट समजावून सांगा ना." तुम्ही पंपच काढून टाकलात आणि सगळी मांडणी उलटी करून टाकी छपराखाली टांगलीत, म्हणजे पाणी आपल्या वजनाने खाली यावं. एका वायसरसाठी अख्खी गाडी! मला तुमची लाज वाटली होती. गगनबावड्याला धुक्यात आईने त्या नळाच्या पाण्याचा चहा केला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "घरच्यासारखा झालाय हो." तुम्ही कप घेऊन बाहेर गेलात, आणि समोर काहीही दिसत नसताना बराच वेळ दरी बघत उभे राहिलात.

सफरीपेक्षा दोन सफरींमधला काळ तुमचा खरा. परतल्यावर आंघोळीआधी टाकी. पुढचं चाक विटांवर चढवायचं, तोटी सोडायची, थेंब थांबेपर्यंत हलायचं नाही. मग स्टुलावर चढून झाकण काढायचं, खांद्यापर्यंत हात घालून काथ्याने घासायचं, कढत पाण्याने विसळायचं, पुन्हा थेंब थांबण्याची वाट बघायची. नळाच्या तोंडात फडक्याचा बोळा, कारण उघडी नळी दिसली की कुंभारीण माशी तिच्यात मातीचं घर बांधते. झाकणावर मलमल, तोटी उघडी. "बंद टाकी म्हणजे डबकं," तुम्ही म्हणायचात. एकदा मी घाईत तोटी बंद करून गेले, तर तुम्ही मला कॉलेजातून परत आल्यावर अंगणात उभं केलंत आणि एवढंच म्हणालात, "तू रसायनशास्त्र शिकतेस ना?" त्या वाक्याचा डंख अजून गेलेला नाही. इतरांच्या कामात खोट काढण्याची माझी सवय, जिच्यामुळे माझे विद्यार्थी मला भितात, ती त्या अंगणातली आहे.

मग आईचे पाय सुजू लागले, आणि तिला मिरजेला दाखल करावं लागलं. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली होती. मी माझं संशोधन बाजूला ठेवून तिच्यापाशी राहिले. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं; दिवसाकाठी एवढंसं, की आपल्या देवघरातल्या तांब्यातही त्याहून जास्त मावलं असतं. आणि तुम्ही जीपला ट्रेलर जोडून, भरलेली टाकी घेऊन, अंकलीचा पूल ओलांडून आलात. मी खाली येऊन म्हणाले, "अण्णा, तिला वाटीभर पाणी चालतं. तुम्ही टाकी आणलीत?" तुम्ही म्हणालात, "अर्धी टाकी डचमळते. भरलेली बरी."

वाटीतला पहिला घोट घेऊन आईने तोंड फिरवलं. "लोखंडाचा वास येतोय हो."

आजही ते वाक्य ऐकताना मला तुमचा चेहरा दिसतो. तुम्ही दुखावला नाही आहात. उलट सावध झाला आहात, वर्गात मुलाने नेमका प्रश्न विचारल्यावर व्हायचात तसे. "असेल," तुम्ही म्हणता, "जोडापाशी जस्त उडालं असेल. बघतो." उरलेलं पाणी तुम्ही आवारातल्या झाडाला सोडणार होतात, पण पेशंटांचे नातेवाईक चुली मांडून बसले होते तिथून बिद्रीकडची एक म्हातारी कळशी घेऊन आली. तिचा मुलगा पुरुषांच्या वॉर्डात होता. "अवो सर, झाडाला कशाला घालताय? झाडाला काय आमटी करायची हाय?" बघता बघता रांग लागली. पुढच्या फेरीपासून तुम्ही फाटकातून आत शिरलात की कोणीतरी ओरडे, "कोल्हापूरचं पाणी आलं रं!" आणि म्हातारी दरवेळी प्रशस्तिपत्र देई, "डाळ कशी मऊ शिजती बगा. येक नंबर पाणी!" अख्ख्या आवाराला ते पाणी गोड लागत होतं. जिच्यासाठी आणलं तिलाच लागत नव्हतं.

तुम्ही जोड बदललात, वास आला. नळी बदललीत, वास आला. टाकी आतून पुन्हा जस्ती करून आणलीत, वास आला. दोन फेऱ्यांच्या मधले दिवस तुम्ही टाकीत हात घालून काढत होता. एकदा तुमचे केस ओले दिसले म्हणून मी विचारलं, तर म्हणालात, "आंघोळ करून, सोवळं नेसून भरलंय आज. न जाणो." तुम्ही, अण्णा! माझा अनावर संताप झाला. तुमच्यावर की आईवर, हे मला नीट वेगळं करता आलं नाही, आणि कोणतीही गोष्ट नीट वेगळी करता येऊ नये याची मला सवय नव्हती.

म्हणून मी प्रयोग मांडला. मला तेवढंच येत होतं. पुढच्या फेरीला टाकीबरोबर तांब्याच्या कळशीतही पाणी आणायला सांगितलं, त्याच आडाचं, त्याच वेळी शेंदलेलं, तोंड बांधलेलं. दोन वाट्या आईपुढे ठेवल्या, कुठली कोणती ते न सांगता. तिने दोन्ही वाट्यांतलं ओठाला लावलं. "दोन्हीला येतोय गं," ती थकून म्हणाली. "दुधालासुद्धा येतो. तोंडातच आहे बहुतेक. त्यांना म्हणावं, राहू द्या आता." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, या आजारात रक्त स्वच्छ होत नाही, म्हणून तोंडाला अशी चव येते.

मी आवारात आले. तुम्ही वाकून, टाकीतून ट्रेलरखाली उतरवलेल्या नळीची तोटी तपासत होता. मी म्हणाले, "अण्णा, टाकीला वास येत नाही. टाकीत दोष नाही." वाक्य बरोबर होतं, पुराव्यानिशी सिद्ध केलेलं होतं. तुम्ही उभे राहिलात, हात पुसलेत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "कळशी नीट घासली नव्हती मी."

"अण्णा."

"कळलं गं मला. पहिल्याच दिवशी डॉक्टर बोलले होते माझ्याशी." मग तोटीकडे वळून, "टाकीत दोष असता तर काढला असता."

पलीकडून म्हातारी विचारत होती, "पावणं, सोडताय न्हवं पाणी?" तुम्ही तोटी सोडलीत.

आई गेली त्या सकाळी तुम्ही कोल्हापुरात होता. मी वकीलकाकांकडे फोन केला. ते मागच्या दाराने आले तेव्हा तुमचा हात टाकीत होता, हे त्यांनी मला पुढे सांगितलं, "म्या सांगितलं, तर सर म्हनाले, थांबा, अर्धवट सोडून चालत न्हाई. विसळली, निथळली, फडकं बांधलं, मग आत गेले." नातलगांत त्यावर पुष्कळ बोलणं झालं. मी त्या बोलण्यात भाग घेतला नाही. तुमच्या जागी मीही ती निथळू दिली असती.

नंतर सफर अशी झालीच नाही, तरी दोन सफरींमधली कामं तुम्ही चालू ठेवलीत. अंगणातच उभ्या ट्रेलरची टाकी भरायची, काही दिवसांनी सोडायची, घासायची, वाळवायची. एकदा मी विचारलं, "कशासाठी, अण्णा?" तुम्ही म्हणालात, "परत आल्यावर धुवावी लागते." परत कुठून, ते मी विचारलं नाही. गुडघे गेल्यावर तुम्ही टाकी खाली उतरवून घेतलीत आणि पाटावर बसून घासू लागलात. मी दारातून बघत असे. मदतीला येऊ का, असं म्हटलं की, "तुझं लक्ष कोपऱ्यांकडे नसतं." ते खोटं होतं. माझं लक्ष नेहमीच कोपऱ्यांकडे असतं.

आता जे लिहायचं ते थोडंच आहे. तुमच्या शेवटच्या दिवसांत तुम्हीही मोजकंच पाणी घेत होता. मी आडाचं ताजं शेंदून, गाळून, घासलेल्या भांड्यातून आणत असे आणि दरवेळी विचारत असे, "वास येतोय का?" तुम्ही एक घोट घ्यायचात, डोळे मिटायचात आणि म्हणायचात, "छान आहे." घोट गिळताना तुमचे ओठ आक्रसलेले मला दिसत. मी पुन्हा विचारायची. "काही नाही गं. छान आहे पाणी." शेवटपर्यंत हेच. आईचं 'राहू द्या आता' मी तुम्हाला कधी पोचवलं नव्हतं; तेच तुम्ही मला वेगळ्या शब्दांत सांगत होता की काय, असं पुढे कितीदा मनात आलं.

माझा तुमच्यावर राग आहे, अण्णा. आईने तुम्हाला निदान एक टाकी दिली. तुम्ही मला काहीच दिलं नाहीत. एकदा तरी तोंड फिरवून म्हणायचं होतंत की पाण्याला वास येतोय; मी आड उपसला असता.

तुम्ही गेल्यानंतर तेराव्याची माणसं पांगली, तेव्हा मी मागे गेले आणि पाटावर बसून टाकी घासली. ती स्वच्छ होती.