कोरे हात

१२ मार्च १९७३, भूम

शी! मेंढीच्या रक्ताचा वास हाताचा जातच नाही. साबण संपलाय, पाणी टँकर आला तर. आज घास तोंडाशी नेला आणि तसाच ताटात ठेवला.

कोंडिबा धनगरानं मेंढी धरली, मी तिच्या मानेतून रक्त काढलं. "बाई, हिच्या अंगात हायच काय काढाया?" म्हणाला. खरंय. पण आम्हाला तेच लागतं. माणसाच्या रक्तातल्या टी पेशी ओळखायच्या तर त्यांच्यात मेंढीचं रक्त मिसळायचं. मेंढीच्या तांबड्या पेशी त्यांना चहूबाजूंनी चिकटतात — लाडवाला तीळ चिकटावेत तशा. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते लाडू मोजत बसायचं. रोगाशी झुंजायचं काम या पेशींचं. दुष्काळात, उपाशी पोरांच्या अंगात त्या किती उरतात, हा सरांचा विषय. म्हणजे माझाही. पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली, त्यावरच.

मुंबईत हे सगळं किती स्वच्छ वाटायचं! इथं शाळेच्या खोलीत सामान मांडलंय, वर माश्या. आज एक पोर आणलं — पाय सुजलेले, केस भुरे, मान टाकलेली. सर वाकून बघत म्हणाले, "वा! काय सुंदर केस आहे! अगदी पुस्तकातली!"

सुंदर!

१४ मार्च

तलावावर गेलो. सरकारी दुष्काळी काम. बाया मातीच्या पाट्या टाकतात, पोरं बाभळीखाली धुळीत पडलेली. सगळ्या पोरांच्या हाताला टीबीच्या चाचणीची बारीक सुई टोचली. टीबीचे जंतू अंगात असतील आणि टी पेशी जाग्या असतील, तर दोन-तीन दिवसांत तिथं लाल गाठ उठते.

"अयोध्या, तू इथलीच ना? समजाव त्यांना." सरांनी मला त्यासाठीच आणलंय. हो, इथलीच. येरमाळ्याकडची. वडील मास्तर झाले म्हणून मी पाटी उचलत नाही, सुई टोचते. एवढाच फरक.

१७ मार्च

एकाही हाताला गाठ नाही. सगळे कोरे.

सर खूश. त्यांना हेच हवं होतं.

मथुराबाई नावाची बाई आहे कामावर. तिची चांगुणा चार वर्षांची, दिसते दीड वर्षाची. सारखी खोकते. बाप टीबीनंच गेला, गेल्या साली. तिचाही हात कोरा!

"म्हंजी हिला न्हाय ना तो रोग?" मथुराबाईचा चेहरा एकदम उजळला. तो विझवायचं काम माझ्याकडं. सांगितलं — छातीच्या हाडामागं एक मऊ ग्रंथी असते, थायमस म्हणतात. टी पेशी लहानपणी तिथं तयार होतात. आपलं कोण, परकं कोण, तिथंच शिकतात. पोटाला मिळालं नाही की अंग आधी तीच सुकवतं. मग रोग आत असला तरी त्याला ओळखणारं कुणी उरत नाही. म्हणून हात कोरा.

तिनं पोरीच्या छातीवर हात ठेवला. मग म्हणाली, "घरात चोर शिरलाय अन् कुत्रं उपाशी मेलंय. भुकंल कोण? असंच ना?"

"व्हय. असंच."

१९ मार्च

रेवणसिद्ध अण्णा जीपनं आले. दूध संघाचे चेअरमन. पोरं झोपली होती तिथंच बाजूला पानाची पिंक टाकली. एका पोराच्या पायावर शिंतोडे. त्यांना दिसलंही नाही!

"एका बी पोराला टीबी न्हाय? वा वा! आपला तलाव क्षयमुक्त! मोठा बोर्ड लावू."

मी म्हणाले, अण्णा, हात सुजला नाही म्हणजे टीबी नाही असं नव्हे. उलट... "ताई, ते उलटसुलट तुमी मुंबईला सांगा," म्हणाले आणि माझ्या हातात हार दिला. त्यांच्याच गळ्यात घालायला!

सर वहीत आकडे लिहीत राहिले. जीप गेल्यावर म्हणाले, "राजकारणात आपण पडायचं नाही."

२३ मार्च

बोर्ड लागला. निळ्यावर पांढरी अक्षरं. आणि दूधही आलं — संघाकडून, भुकटीचं, पातेलं भरून. आधी फोटो. मग "अण्णांचा विजय असो" असं पोरांकडून वदवून घेतलं. मग वाटप. ओठांवर फेस आणि तोंडात जयजयकार! शिसारी आली.

पण प्यायली पोरं. चांगुणा तर वाटी चाटत होती.

२९ मार्च

दूध बंद!

वाटलंच होतं. फोटो निघाला, काम झालं. तशीच संघाच्या कचेरीत गेले आणि अण्णांना नाही नाही ते बोलले. ते शांतपणे सुपारी कातरत राहिले.

"म्या बंद केलं? ताई, तुमच्या सायबांनीच निरोप धाडला. पोरांची पोटं कमजोर हायेत, येवढ्यात दूध सोसायचं न्हाय, महिनाभर थांबा म्हनून. डाक्टर मानूस बोलतोय, मी काय उलटा बोलू?"

 

३० मार्च

विचारलं. सरांनी नाकारलंही नाही.

"एप्रिलअखेर दुसरं रक्त घ्यायचंय. मध्येच खाऊ घातलं तर आकडे काय दाखवणार? आपण त्यांना उपाशी ठेवलेलं नाही, अयोध्या. दुष्काळानं ठेवलंय. आपण फक्त बघतोय. आणि हा तुझाही प्रबंध आहे, विसरू नकोस."

आवाज चढला नाही. चष्मा पुसत बोलत होते. या माणसाच्या पाया पडून मी संशोधनाला लागले. त्या पिंकेची किळस मला आली, आणि या स्वच्छ बोटांची कधीच आली नाही! आज आली. आणि स्वतःचीही, कारण क्षणभर — क्षणभरच — मी प्रबंधाचा विचार केला.

२ एप्रिल

पुन्हा अण्णांकडं. म्हटलं, सायबांचं ऐकू नका, दूध थोडं थोडं द्या, सोसतं. मी उभी राहून पाजीन.

अण्णा हसले. "देतो की. मंत्रीसाहेब येनार हायेत परवा. तवा स्टेजवर तुमी दोन शब्द बोला. एका बी पोराचा हात सुजला न्हाय, येवढंच. खोटं हाय का?"

खोटं नाही. म्हणून तर जास्त घाण!

४ एप्रिल

बोलले.

"या तलावावरच्या एकाही मुलाचा हात सुजला नाही." एवढंच वाक्य. एकही अक्षर खोटं नाही आणि सगळंच खोटं. टाळ्या पडल्या. बाया हसत एकमेकींकडं बघत होत्या. मथुराबाई मात्र माझ्याकडं बघत होती. तिला माहीत आहे. मीच सांगितलंय तिला.

तोंड तीनदा धुतलं.

५ एप्रिल

दूध सुरू झालं.

७ एप्रिल

सर मुंबईला गेले. सूक्ष्मदर्शक नेला, रक्ताच्या नळ्या नेल्या. "तू स्वतःच्या हातानं सगळं बिघडवलंस. आता ते दूधच पाज." गाडी सुरू झाली तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चाचणीच्या औषधाची एक बाटली थर्मासमध्ये राहिलीय, बर्फात. ती मी मुद्दामच दिली नाही.

१० एप्रिल

मथुराबाई आणि चांगुणाला एसटीनं उस्मानाबादला नेलं, एक्स-रे असलेल्या एका खाजगी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "टीबी? त्या तलावावर? अहो, तुम्हीच ना माइकवर सांगितलंत? पेपरात आलंय!"

माझंच वाक्य. माझ्याच तोंडावर.

भांडले. हातवारे करून ओरडले. बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. मथुराबाई माझा पदर ओढत होती, "बाई, चला, जाऊ द्या." शेवटी त्यांनी वैतागून एक्स-रे काढला. फिल्म उजेडाला धरली. उजवीकडं मोठा पांढरा डाग. मग इंजेक्शनं लिहून दिली, गोळ्या लिहून दिल्या.

येताना मथुराबाई एवढंच म्हणाली, "बाकीच्या बायांस्नी कवा सांगनार?"

 सांगितलं तर अण्णा दूध बंद करणार. नाही सांगितलं तर...

२२ एप्रिल

रोज चांगुणाला इंजेक्शन मीच देते. मला बघितलं की शिव्या देते — चार वर्षांची पोर, काय एकेक शिव्या! गेल्या महिन्यात रडायचीही ताकद नव्हती.

३ मे

बोर्डाखालून जायला नको म्हणून लांबच्या वाटेनं जाते. अण्णा परवा भेटले, "ताई, तुमच्यामुळं तालुक्याचं नाव झालं." परत हार. मी तो शेळीला खायला घातला.

१५ मे

बर्फ बदलत जपलेल्या त्या बाटलीतून पुन्हा सगळ्या पोरांना सुया टोचल्या. बायांनी विचारलं नाही कशाला. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा! हेच सहन होत नाही.

१७ मे

सुजला! चांगुणाचा हात सुजला! लाल, टणक, चांगला रुपयाएवढा. मी ओरडलेच. मथुराबाई घाबरली, "बाई, वाईट झालं का?" म्हटलं, रोग तर होताच, आता अंग त्याच्याशी भांडाया लागलंय. मग बाभळीखालची बाकीची पोरं बघितली. निम्म्याहून जास्त हात लाल. इतक्या पोरांच्या अंगात टीबी होता! मी सगळ्या बायांना तिथंच सांगितलं — स्टेजवर काय बोलले, का बोलले, सगळं. हेही सांगितलं की आता अण्णा दूध बंद करतील.  मग मथुराबाईनं पाटी खाली ठेवली. "कसं बंद करत्यात, बघू," म्हणाली आणि पोरीला कडेवर घेतलं. तिच्यामागं दुसरी उठली, मग सगळ्याच. पोरांचे हात उघडे ठेवून संघाच्या कचेरीकडं निघाल्यात. मला कुणी बोलावलं नाही. मी मागून निघतेय.