जळालेली सरी

प्रिय नाना,

तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच लिहितेय. आज वॉर्डात जे झालं ते आईला सांगायची हिंमत नाही.

अकोल्याकडच्या एक आजी आल्यात. तीन दिवस जुलाब-उलट्या, रक्तातलं पोटॅशियम पार खाली, पाय लुळे. "पोटॅश कमी पडला की ऊस लोळतो, मानसाचंबी तसंच आसंल," तुम्हीच म्हणाला होतात ना? देवळालीच्या रानात ठिबकच्या नळ्या सरळ करता करता तुम्ही माझा नर्सिंगचा अभ्यास घ्यायचात. आणि मी चिडायचे! "नाना, इथं माणसं आहेत, ऊस नाही!" किती तोडून बोलायचे मी. तुम्ही पुन्हा तेच विचारायचात, "पोटॅश कसा सोडायचा?"

आज सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे धावताना म्हणाल्या, "आजींचं पोटॅशियम तयार कर, लवकर!" मी औषध सिरिंजमध्ये भरलं आणि सलाईनच्या बाटलीत न मिसळता थेट आजींच्या हातातल्या सुईला लावलं. अंगठा दट्ट्यावर होता, नाना! दाबला असता तर आजींचं काळीज जागीच थांबलं असतं.

आजी एवढंच म्हणाल्या, "बाय, दमानं."

आणि तुमची ती उसाची सरी डोळ्यांपुढं आली. घाईत पोटॅशचं खत तसंच बुडाशी ओतलंत आणि पंधरावीस बेटं करपली. काढून टाका, लोक हसतात, असं मी किती वेळा म्हटलं! तुम्ही ती हंगामभर ठेवलीत. येईल त्याला दाखवायचात, "ही माजी घाई हाय, बघून घ्या. पोटॅश पान्यात इरघळवून, थेंब थेंब सोडायचा." तेव्हा मला तुमची लाज वाटायची.

मी सिरिंज काढली. कोणी पाहिलं नव्हतं, गप्प बसता आलं असतं. पण तीच सिरिंज घेऊन सिस्टरांकडे गेले. त्यांचा चेहराच उतरला. लई बोलल्या. मग शेजारी उभं राहून माझ्याकडून नवीन औषध बाटलीत मिसळून घेतलं, बाटली उलटीसुलटी करून हलवायला लावली. संध्याकाळी आजींनी टाच गादीवरून जराशी उचलली आणि मला रडूच फुटलं.

तुम्ही असताना एकदा तरी "बरोबर आहे, नाना" का नाही म्हणाले मी?

उद्या पहिल्या वर्षाच्या मुलींना पोटॅशियम शिकवायचंय, सिस्टरांनी मलाच उभं केलंय. कोणा दुसरीची चूक म्हणून सांगणार नाही, शब्द देते. रिकामी सिरिंज हातात धरीन आणि म्हणेन, "ही माझी घाई आहे, बघून घ्या."

तुमचीच,
छबू