गोमुखाच्या अलीकडची रेघ

॥ श्रीगंगा प्रसन्न ॥

ब्रह्मा घाट, काशी
२४ एप्रिल १९८६

चि. विशूस अन्नपूर्णाआत्याचे अनेक आशीर्वाद. लतिकेलाही सांग. आम्ही दोघं बहीणभाऊ बरे आहोत, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर काशीचं पत्र बघून तू आधी शेवटची ओळ वाचायचास.

रामनवमीचा सुंठवडा पुडीत घालून पाठवते आहे. नागपूरला पोचेपर्यंत त्याचं काय होईल ते रामालाच ठाऊक. इकडे लूच्या झळा सुरू झाल्या. गंगा पार खाली गेली आहे, पण तुझे बाबा रोज पंचगंगा घाटावर उतरून आंघोळ करून येतात आणि वर आल्या आल्या मला ऐकवतात, "बघ ताई, धाप लागली का?" मी म्हणते, नाही रे गोपी. खरंच लागत नाही. तीच तर पंचाईत आहे.

गल्लीत कुणी तुझी चौकशी केली की उत्तर ठरलेलं. "मुलाची बँकेतली रजा संपत आली होती, म्हणून बापाला गोमुखाच्या तोंडातून परत फिरवलं." लोक हसतात. तो हसत नाही. जन्मभर जिच्या पाण्यात उभा राहिला ती निघते कुठून ते एकदा बघायचं, एवढीच त्या माणसाची हौस. आणि गेल्या वर्षी कोस-दीड कोस उरला असताना तू त्याला खच्चरावर बसवून खाली आणलंस. गंगोत्रीला उतरला तर ठणठणीत! दोन कुल्हड चहा प्यायला, भजी मागितली. मग त्याला का वाटू नये, की मला काही झालंच नव्हतं?

तू वर्षभर इकडे फिरकला नाहीस. मी दोष देत नाही. दारात उभं राहून टोमणे खायला कोण येईल?

पण मी खच्चरावर बसून सगळं पाहिलं होतं ना. तू गंगोत्रीला बजावलंस, "बाबा, दोन दिवस इथे थांबू या, शरीराला हवेची ओळख होऊ दे." तर म्हणाला, "गंगेच्या माहेरी जायला परवानगी कसली?" आणि पहाटेच चालायला लागला. वाटेतल्या भोजबासाच्या मुक्कामाला पोचेस्तोवर जेवणावरची वासना गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वेटरची बाही पायात घालत होता. पाठ असलेलं स्तोत्र मध्येच अडलं, आणि अडलं हेही त्याला कळेना. तू काठीनं वाळूत रेघ ओढलीस. "बाबा, या रेघेवरून चाला, टाचेला चवडा लावून." दोन पावलांत तोल गेला. तू तिथल्या तिथे खच्चरवाल्याला हाक मारलीस.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, हे तुला माहीत आहेच. गोपीच्याच पाटीवर अक्षरं गिरवली. पण डोक्यात किडा शिरला की मला स्वस्थ बसवत नाही. आपल्या गल्लीतल्या नीलकंठ डॉक्टरांना भंडावून सोडलं, त्यांच्याकडचं एक हिंदी पुस्तक चष्मा लावून वाचून काढलं. मला समजलं ते असं: वरची हवा म्हणजे पाणी घातलेलं ताक. भांडं तेवढंच भरतं, पण अंगी लागत नाही. मग बिचारं शरीर घाई करतं. श्वास भराभर, काळीज धडधड, झोपेत श्वास थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो. सवडीनं चढलं तर सावरतं ते. घाई केली तर कुणाकुणाच्या मेंदूलाच सूज येते. आणि ती काही हाडापेराकडे बघत नाही. माझ्यासारख्या थुलथुलीत म्हातारीचं नुसतं कपाळ दुखलं, आणि गोपीसारखा काटक माणूस कोसळला. खाली उतरवलं की उतार पडतो. दुखणं तिथेच मागे राहतं, पुरावाही तिथेच. आणि ज्या डोक्यानं ओळखायचं तेच बिघडलेलं, मग ओळखणार कोण?

हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "तू विशूची वकील."

आता खरं लिहायचं होतं ते लिहिते. गोपी पुन्हा निघाला आहे. ज्येष्ठात. या खेपेला एकटा. "उतरवायला कुणी नको," म्हणतो. बसची चौकशी झाली, लोकरीचे मोजे उन्हात पडले. ते मोजे पाहिले, आणि विशू, जे तू बोलला नाहीस, मीही बोलले नव्हते, ते काल मी त्याला सांगून टाकलं. तुला विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता.

आमचा धाकटा बिंदुमाधव पोरवयात पावसाळ्यातल्या पाण्यात गेला, हे तुला मीच कधीतरी सांगितलं होतं. दोघं भाऊ हात धरून पायरीवर उभे होते, गोपीच्या हातून हात सुटला. तेव्हापासून ते नाव त्यानं तोंडातून काढलं नाही. काढलं ते त्या सकाळी. खच्चरावर चढेना, तुझं मनगट पकडून लहान पोरासारखा म्हणत राहिला, "बिंदू, आता नाही सोडत हां." आणि तू म्हणालास, "घट्ट धर, दादा." आपल्या बापाला दादा म्हणालास. तसाच हात धरून त्याला खाली आणलंस. नंतर त्याला त्यातलं काही आठवेना. तू ते त्याच्या तोंडावर फेकलं असतंस तर वर्षभराचं भांडण एका घटकेत मिटलं असतं. नाही फेकलंस.

काल ऐकलं आणि तो उठला. पंचा खांद्यावर टाकून बाहेर गेला, परतला, जेवला नाही. आज सकाळी बघते तर अंगणात कोळशाची रेघ, आणि तुझे बाबा तिच्यावरून टाचेला चवडा लावत चाललेले. सरळ. शेवटाला पोचून तिथेच उभा राहिला.

"ताई, तो दादा म्हणाला?"

"म्हणाला."

मग पाठमोराच म्हणाला, "त्याला लिही. रजा शिल्लक असली तर ये म्हणावं. गंगोत्रीला दोन दिवस थांबू, हवं तर तीन. आणि वर रेघ ओढायला कुणीतरी लागेल. मी ओढली तर वाकडी आली तरी मला सरळच वाटायची."

मोजे आता दोन जोड वाळत घातले आहेत. दुसऱ्या जोडासाठी तुझ्या पायाचं माप त्यानं मला विचारलं नाही.

तुझी वाट बघणारी, आणि वाट बघणाऱ्या दुसऱ्याच्या वतीनंही,
अन्नपूर्णाआत्या