जपानी गाडी, तिचे शेपूट आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने दंतवैद्य, आता निवृत्त, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबाबत घरात दोन मते आहेत, पण दुसरे मत माझ्या धाकट्या दिरांचे असल्यामुळे ते विचारात घेण्याचे कारण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केलेले सापडल्यास ते रागाच्या भरात केलेले समजून रद्द धरावे.

१. राहत्या घरातील माझा हिस्सा माझ्या यजमानांना, त्यांच्या पश्चात मुलाला. मुलाने गॅरेज पाडून तिथे व्यायामशाळा काढू नये. व्यायाम करायचाच असेल तर गॅरेज झाडावे.

२. बँकेतील ठेवी मुलाला. फार आशा ठेवू नये. त्यांचे काय झाले ते पुढच्या कलमात चार चाकांवर उभे आहे.

३. गाडी. दोन दारांची, लांब नाकाची, जुनी जपानी गाडी. ती मला एका अक्कलदाढेमुळे मिळाली. कोंबड्या पाळणारे एक गृहस्थ दाढ काढायला आले आणि हिरडी बधिर होईपर्यंत अंगणात पडलेल्या गाडीचे रडगाणे गात बसले. मी पाहायला गेले. बॉनेटखाली उंदरांचा संसार होता आणि मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत होती. "पिल्लं बाहेर येऊ द्या, मग न्या," मालक म्हणाले. म्हणून ताबा मिळायला जरा उशीर झाला.

ट्रॉलीवरून गाडी घरी आली तेव्हा हे दारात उभे होते.

"हे काय आणलंस?"

"गाडी."

"उरलेली कुठाय?"

मग त्यांनी जाहीर केले, "मी या गाडीत पाय ठेवणार नाही." हयातभर कोर्टात लघुलेखक असल्यामुळे एकदा उच्चारलेला शब्द खोडायची त्यांना सवय नाही. गाडीनेही मनावर घेतले नाही. पाय ठेवायला तेव्हा तिला तळच नव्हता, सगळा गंजून गेला होता.

तो तळ मी वेल्डिंग शिकून नवा बसवला. कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे रूट कॅनॉलच्या सुयांनी साफ केली. पेशंटपेक्षा कार्ब्युरेटर बरा. मध्येच चावत नाही. पुढच्या सीट बराच काळ दिवाणखान्यात होत्या. पाहुणे त्यांवर बसत, आणि यजमान त्यांना पट्टा लावायचा आग्रह करत.

गाडी चालू झाली आणि मला अवदसा आठवली. गाडी बुटकी केली की झोकदार दिसते, असे वाचून मी स्प्रिंगा बदलल्या. पहिल्याच फेरीला सासूबाईंना घेऊन निघाले. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर गाडी पोट टेकून बसली. पुढची चाके पलीकडे, मागची अलीकडे, सासूबाई मधोमध. उतरा म्हटले तर म्हणाल्या, "पलीकडे पोचल्याशिवाय मी उतरायची नाही." शेवटी येणाऱ्याजाणाऱ्यांनी गाडी सासूबाईंसकट उचलली. दुसऱ्या दिवशी मूळच्या स्प्रिंगा परत बसवल्या.

४. शेपूट. मी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात असताना धाकट्या भावोजींनी मला न विचारता डिकीवर विमानाला शोभेल एवढा पंख ठोकला. घरी आले तर म्हणाले, "वहिनी, सरप्राइज!" टाके ताजे होते म्हणून ते वाचले. माझ्या नव्या रंगाला त्यांनी भोके पाडली. सासूबाई मात्र त्या पंखावर रुमाल वाळत घालत, म्हणून त्या असेपर्यंत मी तो काढला नाही. आता काढून ठेवला आहे. तो भावोजींना द्यावा, स्क्रूंसकट. भोके परत करता येत नाहीत याचा खेद आहे.

५. आरसे, सुया, चिमटे आणि पान्यांची पेटी दवाखान्यातील माझ्या मदतनीस बाईंना. पेशंट आणि इंजिन यांच्यात भेद न करणारा हात त्यांचाच.

६. आता गाडी कोणाची, हा मुद्दा.

एका दुपारी यजमानांच्या छातीत कळ आली. रोजची गाडी मुलाने नेली होती. रुग्णवाहिका येता येईना. मी म्हटले, "अहो, चला." हे घामाने भिजलेले, तरी म्हणतात, "त्यात नाही." शेजाऱ्यांनी उचलून आत घातले. वाटेत "गिअर बदल", "तो ट्रक बघ", "हॉर्न कशाला" असे चालू होते, तोवर मला धीर होता. मग त्यांचे बोलणे थांबले. आमच्या संसारात ते असे कधी थांबले नव्हते. मी गाडी जी पळवली, तशी ना आधी पळवली, ना नंतर. इस्पितळाच्या दारात त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "इंजिन छान वाटतंय गं."

निदान अपचनाचे निघाले. घरी आल्यावर त्यांनी खुलासा केला, "मी पाय ठेवला नाही. मला ठेवलं." त्यानंतर दर रविवारी ते स्वतःला ठेवून घेऊ लागले.

आता माझ्या डोळ्यांनी दगा दिला आहे. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली आहे. म्हणून काल मी इथे लिहिले होते की गाडी विकावी. लिहिताना अक्षर नीट येईना. दोष डोळ्यांना दिला. यजमानांनी ते वाचले, माझ्या हातातले पेन घेतले आणि ती ओळ खोडली.

"अहो, चालवणार कोण?"

त्यांनी खिशातून शिकाऊ लायसन्स काढून टेबलावर ठेवले. सकाळी वाचनालयात जातो असे सांगून हे गृहस्थ, या वयात, मोटार शिकायला जात होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू शिकवायला लागली असतीस."

सबब, गाडी यजमानांना. दुसरा गिअर कुरकुरतो. क्लच पुरता दाबावा. मी आहे तोवर शेजारची सीट माझी. दिसले नाही तरी मला गिअर ऐकू येतो. माझ्यानंतर ती सीट रिकामी ठेवू नये, कोणालाही बसवावे, अगदी भावोजींनाही. एकटेच निघाले तर "तो ट्रक बघ" हे त्यांना म्हणणार कोण?

वरील मजकूर मी लिहिला, यजमानांनी मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यांनी सुचवलेल्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांसह तो मला मान्य आहे.

सही: दंतवैद्य बाई

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मन खणखणीत, दृष्टी अधू.
२. मोटार शिकवणारे मास्तर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. साहेबांना रिव्हर्स अजून जमत नाही, पण पुढे छान जातात.

स्थळ: घरचे गॅरेज
दिनांक: ४ फेब्रुवारी, रविवार