हॅलोरनसाहेबांची वही आणि वेताची खुर्ची

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मी, श्रीमती आशालता पद्माकर खांबेटे, वय ७४, शिक्षण मॅट्रिक, राहणार क्लेमेंटी, सिंगापूर, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहिते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. अंमलबजावणी मुलगा निहार याने करावी.

फ्लॅट निहार आणि मुलगी मधुवंती यांना निम्मा-निम्मा. माझ्या बांगड्या मधुवंतीला. पितळी समईला सूनबाई "शोपीस" म्हणाली होती, म्हणून समई तिला नाही.

आता मागची खोली. तिथे अकरा वर्षे हॅलोरनसाहेब भाड्याने राहिले. अमेरिकेत तीस वर्षे ते वर्तमानपत्रात गाण्याच्या कार्यक्रमांवर लिहीत. एकदा गाडी गाठायला एका गाणाऱ्या बाईच्या मैफलीतून अर्ध्यात उठले आणि पूर्ण ऐकल्यासारखे तिला फाडून काढणारे लिहिले. ती बाई पुन्हा गायली नाही. हे कळल्यावर नोकरी सोडून इथे शिकवायला आले.

"तेव्हापासून शेवटपर्यंत बसतो, आशाबाई," म्हणायचे. माझ्या सकाळच्या आरतीलाही देवघराबाहेर वेताच्या खुर्चीत वही घेऊन बसत.

"अहो, मी देवाला ऐकवते, तुम्हाला नाही. काय खरडता?"

"देव लिहीत नाही ना, म्हणून मी लिहितो."

गेल्या श्रावणात एका सोमवारी आरती चालू असताना खुर्ची करकरली. "आशाबाई," अशी हाक आली. आरती मध्येच सोडू नये, हे मला लहानपणापासूनचे वळण. मी हातानेच 'थांबा' म्हटले. मंत्रपुष्पांजलीपर्यंत सगळे म्हटले. वळले तेव्हा ते खुर्चीतच गेले होते. वही मांडीवर उघडी होती, ती मी न पाहता मिटली.

तेव्हापासून रोज त्याच कडव्याला खुर्ची करकरते. निहार त्याच्या सिंगापुरी बोलीत म्हणतो, "आई, एअरकॉनने वेत सुकतो लाह, थ्रो अवे." मी एअरकॉन लावतच नाही.

शेवटच्या पानावर माझ्या गाण्याबद्दल आहे की मदत मागितली आहे, ते मला ठाऊक नाही. उघडायचा धीर झाला नाही. माझे तेरावे झाल्यावर मधुवंतीने वही देवघरासमोर मोठ्याने वाचावी. अर्धी टाकू नये.

देव, समई आणि खुर्ची एकत्रच मधुवंतीकडे जातील. अट एकच. आरतीत खुर्ची करकरली, तर आरती तिथेच थांबवायची आणि आधी मागे वळून बघायचे. देवाला मी सांगून ठेवले आहे.

सही : आशालता प. खांबेटे

आमच्यासमक्ष सही केली. आम्हाला यातले काही मिळायचे नाही.
१. हेमचंद्र वि. गुर्जर, निवृत्त मरीन इंजिनिअर, तोआ पायोह
२. नीलिमा श्री. दांडेकर, यिशुन

स्थळ : क्लेमेंटी, सिंगापूर
दिनांक : ९ मार्च २०२५