सात दिवसांच्या प्लेटा

बाई, माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी सांगतो. प्लायवूडची एक पेटी, आतून थर्माकोल, साठ वॉटचे दोन बल्ब आणि अंडी उबवायच्या यंत्रातला थर्मोस्टॅट. सदतीस अंशांवर लावली की चारही कोपऱ्यांत अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही, थर्मामीटर ठेवून पाहिलं आहे. इस्त्रीच्या जुन्या कॉइलच्या तारेपासून जंतू उचलायच्या सळया, टोकाला वेढा, प्रत्येक वेढा एकाच दाभणावर वळवलेला, म्हणजे थेंब सारखा येतो. हॉटेलातल्या बावीस लिटरच्या कुकरला दाबाचा काटा बसवून केलेला, वाफेने जंतू मारायचा ऑटोक्लेव्ह. बसच्या वायपरच्या मोटरीवर बाटल्या हलवणारा पाळणा. काळ्या रंगवलेल्या पाइपात एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा तुकडा, मधे काचेची नळी. हे गढूळपणा मोजायचं यंत्र. जंतूंचे ठिपके मोजायला खालून ट्यूबलाइट आणि वर सेंटीमीटरचे चौकोन आखलेली काच. हवा गाळायची गाळणी तेवढी विकत आणली, ती घरी होत नाही. एवढ्यावर अकरा वर्षं माझी पाणी तपासायची प्रयोगशाळा चालली आहे, हैदराबादेत अफझलगंजच्या मागे, एका खोलीत. ही यादी कुणालाही सांगितली की माझी मान ताठ व्हायची. आज तुम्हाला सांगताना तसं होत नाही.

तुम्ही देवाघरी जाऊन अठरा वर्षं झाली. तारनाक्याला विद्यापीठात तुमच्या जंतुशास्त्राच्या विभागात मी काचसामान धुवायला लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, शिक्षण इंटरपर्यंत, म्हणजे बारावी. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "कुठला रे तू?" मी म्हटलं, इथलाच, आजोबा नांदेडकडून आले. तुम्ही हसलात. "म्हणजे माझ्यासारखाच. घरात मराठी, बाजारात दखनी, बसमध्ये तेलुगू आणि पगाराच्या दिवशी मुकाट्याने इंग्रजी." त्या इमारतीत माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस तुम्हीच. धुतलेली प्रत्येक नळी तुम्ही उजेडाकडे धरून पाहायचात आणि पाणी काचेवर एकसारखं पसरलेलं नसलं, कुठे थेंब धरून राहिलेलं दिसलं, की न बोलता नळी माझ्या टोपलीत परत. महिनाभरात एकही नळी परत येईनाशी झाली. तेव्हापासून मला वाटायला लागलं की या कामातलं मला सगळं जमेल.

आणि तो एक दिवस. सुट्टी आहे, विभागात कुणी नाही, सकाळचे नऊ वाजलेत. माझं गढूळपणाचं यंत्र मी तुमच्या टेबलावर मांडलंय आणि तुम्ही खाद्याच्या रशाच्या बाटलीत जंतूंचं थोडंसं बी सोडताय. दर अर्ध्या तासाला मी नळी भरतो, आकडा वाचतो, तुम्ही कागदावर टिंब देता. पहिला दीड तास टिंबं एका ओळीत आडवी. मी कंटाळतो. "मेले का हो?" तुम्ही म्हणता, "नव्या घरात आलेत. आधी चूल मांडतील, मग पोरं होतील." अकरा वाजल्यानंतर टिंबं चढायला लागतात, वीस-वीस मिनिटांना दुप्पट, आणि तुम्ही दिलेल्या त्या खास आलेखकागदावर, जिथे प्रत्येक दुपटीला सारखीच उंची असते, सगळी एका सरळ रेषेत बसतात, पट्टी ठेवल्यासारखी. एकच्या सुमाराला रेषा पुन्हा आडवी, खाणं संपलं. मी माझ्याच यंत्राकडे बघत राहिलो होतो. तुम्ही म्हणालात, "यंत्र झकास आहे. पण एक लक्षात ठेव, ते जिवंत आणि मेलेलं दोन्ही सारखंच मोजतं." त्या कागदांचं अख्खं पॅड तुम्ही मला देऊन टाकलंत. 'यंत्र झकास आहे' एवढं मी घरी जाऊन आईला सांगितलं. पुढचं वाक्य सांगितलं नाही.

आता तुमच्या रागावण्याची गोष्ट. तुम्ही दोन दिवसांसाठी परगावी गेला होता. बाजूच्या थंड कपाटात तुमच्या अठरा प्लेटा होत्या, जंतू उगवायला खाद्याचा थर ओतलेल्या काचेच्या बशा, ठेवून तीन दिवस झालेल्या, पार स्वच्छ. मला वाटलं काही उगवलेलं नाही, फुकट गेल्या. मी त्या उकळवल्या, धुतल्या, पुसून रचून ठेवल्या आणि शाबासकीची वाट बघत बसलो. तुम्ही आलात, कपाट उघडलंत आणि बराच वेळ उघडंच ठेवलंत. मग म्हणालात, "त्या सात दिवसांच्या होत्या." मी म्हटलं, "बाई, रिकाम्या होत्या." "रिकाम्या दिसत होत्या. रिकाम्या आहेत हे तुला कुणी सांगितलं?" आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. त्या दिवसापासून विचारल्याशिवाय मी एकही प्लेट धुतली नाही. पण त्या सातच दिवसांच्या का होत्या, थंड कपाटात का होत्या, हे मी विचारलं नाही. माझ्या हिशेबी धडा एवढाच होता की विचारून धुवायचं.

कोठी भागात एक छोटं डायलिसिस केंद्र आहे, आठ खाटांचं. नऊ वर्षं त्यांचं पाणी मी तपासतो. मूत्रपिंड गेलेल्या माणसाचं रक्त त्या पाण्याच्या शेजारून वाहतं, मधे फक्त एक पातळ पडदा, म्हणून पाण्यात जंतू जवळजवळ नसावेच लागतात. एका मिलिलिटरला शंभराच्या आत. दर महिन्याला मी नमुना आणायचो, भरपूर खाद्य घातलेल्या प्लेटेवर पसरायचो, माझ्या पेटीत सदतीस अंशांवर अट्ठेचाळीस तास. दर महिन्याला प्लेट कोरी. दर महिन्याला मी लिहायचो: शून्य. एकशे आठ अहवाल, सगळ्यांच्या नकला माझ्याकडे फाइलला आहेत, तारखेनुसार लावलेल्या.

चार सोमवारांपूर्वी तिथल्या टेक्निशियन बाईचा फोन आला. तेलुगू आहे, माझ्याशी हिंदीत बोलते. "सार, सोमवार को सुबह की शिफ्ट में लोगों को जाडा हो रहा. मशीन लगाके एक घंटा हुआ की कांपते. बाकी दिन कुछ नहीं." मी तिला ऐकवलं, की माझ्या पाण्यात काही नाही, तुमच्या नळ्या बघा, तुमचे हात बघा. ती म्हणाली, "मैं कुछ नहीं बोली सार, आप एक बार आके देखो." सोमवारी सकाळी गेलो. तिसऱ्या खाटेवर सुतळी-पोत्यांचे एक जुने व्यापारी होते, त्यांना सगळे चाचा म्हणतात. दोन कांबळी अंगावर, दात वाजताहेत, खाट वाजते आहे. टेक्निशियनने सांगितलं, हे पाणी तपासणारे. चाचांनी कांबळ्यातून तोंड काढलं. "अच्छा, आप हैं! क्या रिपोर्ट है मियाँ?" मी म्हटलं, "शून्य है चाचा. नऊ साल से शून्य." ते थरथरत हसले. "हौ, कागज पे तो हम भी तंदुरुस्त हैं."

मला राग आला होता, बाई. तिथल्या तिथे नमुना घेतला, केंद्र रविवारी बंद म्हणून दिवसभर नळीत उभं राहिलेलं पाणी, पहिली धार न सोडता. बुधवारी पेटी उघडली. कोरी. मनात म्हटलं, घ्या. आणि नेहमीसारखी प्लेट उकळवायला कुकरचं झाकण उचललं, आणि हात तिथेच थांबला. 'रिकाम्या आहेत हे तुला कुणी सांगितलं?' हे मला आठवलं असं म्हणता येणार नाही. तुम्ही माझ्या मागे उभ्या आहात असं वाटलं आणि मी खरोखर वळून पाहिलं.

पुढचे चार दिवस मी वाचत होतो. नियमांत सगळं लिहिलेलं आहे, कित्येक वर्षांपासून. अशा शुद्ध पाण्यात जगणारे जंतू उपाशी असतात. त्यांना भरपूर खाद्य आणि माणसाच्या अंगाची ऊब दिली तर ते वाढत नाहीत, कित्येक तर मरूनच जातात. त्यांना पातळ खाद्य लागतं, पेजेसारखं, वीसेक अंशांचा गारवा आणि सात दिवस. तुमचं थंड कपाट. मी हे वाचलं नव्हतं, कारण मी आयुष्यभर मला जे करायचं होतं तेवढ्यापुरतंच वाचलं. मला पेटी करायची होती, म्हणून पेटी कशी तापवायची ते वाचलं. आणि माझी पेटी फक्त तापवू जाणते. हैदराबादेत वीस अंश हवे तर गार करावं लागतं, ते तिला येत नाही. म्हणून सदतीसलाच सगळं उगवतं असं मी धरून चाललो. यंत्राला जेवढं येतं तेवढंच मला दिसलं.

जुना फ्रिज बाविसावर थांबेल असा केला. खाद्य अर्धा-अर्धा ग्रॅम तोलून पातळ प्लेटा ओतल्या. गेल्या सोमवारी पुन्हा पाणी आणलं, एक भाग तसंच, एक दहापट पातळ करून, एक शंभरपट. त्या सोमवारी चाचा पुन्हा कापले होते. मंगळवारी प्लेटा कोऱ्या. बुधवारी कोऱ्या, आणि बाई, खोटं कशाला बोलू, बुधवारी मी मारुतीला नारळ बोललो, की अशाच राहू देत. गुरुवारी भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसले. मी भिंग पुसलं. मग डोळे पुसले. मग प्लेट फिरवून, खालून उजेड लावून पाहिलं. ठिपके होते. तसाच केंद्रात फोन लावला, पाण्यात जंतू आहेत म्हणून सांगितलं. टेक्निशियन हळूच म्हणाली, "सार, वो टीचरम्मा याद है आपको? खिडकीवाला बेड? पिछले साल उनको भी सोमवार को..." आणि मग लगेच, "नहीं नहीं, उनको तो दिल का भी था. आप मत सोचो." मला त्या शिक्षिका आठवतात. पेपर तपासत पडलेल्या असायच्या, लाल पेन दातांत धरून. त्या हॉस्पिटलात गेल्या त्या परत आल्या नाहीत. कशाने, ते कुणालाच ठाऊक नाही. ते कुठल्या प्लेटेवर उगवून येणार नाही. हेच मला खातंय.

काल रविवारी त्यांनी सगळी नळ्यांची साखळी औषध घालून धुतली. आज सातवा दिवस. सकाळी मोजलं. पातळ न केलेल्या पाण्याची प्लेट मोजता येण्यासारखी नाही, ठिपक्यात ठिपका मिसळलाय. दहापट पातळ केलेली, दोनशे बारा. पुन्हा मोजली, दोनशे अकरा. एका जागी दोन चिकटलेले आहेत, त्यांना मी दोन धरतो. शंभरपट पातळ केलेल्या प्लेटेवर तेवीस, म्हणजे हिशेब जुळतो. मिलिलिटरला एकवीसशेच्या घरात, जिथे शंभराच्या आत हवेत. मोजणी अगदी नीट झाली, बाई. इतकी नीट मोजणी मी क्वचित केली असेल.

अकराला फोन वाजला. टेक्निशियन हसत होती. "सार! आज चाचा नहीं कांपे! मशीन पे लेटके इडली मांग रहे, मैं बोली नक्को." मागून चाचांचा आवाज आला, "उनको बोलो, अब अपनी मशीन को भी कांबल ओढा दो!" मीही हसलो. फोन ठेवला आणि स्टुलावर बसलो. त्या क्षणापर्यंत कुठेतरी एक फट होती, की ती हुडहुडी दुसऱ्या कशानेही आली असेल. ती बुजली. पाणीच होतं. किती सोमवार ते मला माहीत नाही. नऊ वर्षांत जो-जो तिथे कापला त्याच्या नातेवाइकांना कुणीतरी माझा कागद दाखवला असेल, पाणी साफ आहे, बघा, शून्य.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने पोळी लाटायची थांबवली नाही. म्हणाली, "कुणाला कळलं का?" मी म्हटलं, मला कळलं. "तुम्हाला सोडून?" मग पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "मग आता कळवूनच टाका. नाही तर तुम्ही जेवायचे नाही आणि मला रोज बघावं लागेल."

केंद्राच्या डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून लेखी मागितलं आहे, एकशे आठही अहवाल मागे घेतल्याचं, म्हणजे त्यांना रुग्णांना आणि वर कळवता येईल. त्यासोबत तक्ता भरायचा आहे. दुपारपासून तेच करतोय. कुठल्या तारखेचा अहवाल, कुठल्या रीतीने तपासणी केली, त्या रीतीत काय चुकलं. सगळं लिहिलं, चांगल्या अक्षरात, खाडाखोड न करता. याचं पुढे काय होईल, कोण दारात येईल, खोलीला कुलूप लागेल का, ठाऊक नाही, तरी लिहिलं. संध्याकाळी पाचच्या आत ते नेऊन द्यायचं आहे. तक्त्यात शेवटचा एकच रकाना कोरा आहे: तपासणाऱ्याचे शिक्षण. त्याच्याशी अडलो, म्हणून दुसरा कागद ओढून तुम्हाला लिहायला बसलो. हा कुठे टाकणार तेही माहीत नाही. तारनाक्याच्या तुमच्या घराच्या जागी आता पाच मजले आहेत. त्याच फाइलमध्ये खाली ठेवून देईन.

त्या रकान्यात इंटर लिहिणार आहे. पण त्याआधी तुम्हाला एक सांगायचं आहे. घरी, बाहेर, ज्याने विचारलं त्याला मी सांगत आलो की मला शिकवायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून सगळं माझं मी शिकलो. हे खरं नाही. तुम्ही निवृत्त झालात त्या उन्हाळ्यात मला घरी बोलावलं होतं. ओट्याशी उभ्या राहून तुम्ही ताक घुसळत होता. म्हणालात, जामबागेला संध्याकाळचा प्रयोगशाळेचा डिप्लोमा आहे, दोन वर्षांचा, नाव घाल, पैशाचं मी बघते. आणि डब्यामागून पाकीट काढून माझ्या हातात दिलंत. मी म्हटलं, "बाई, पेटी करता येते त्याला ते काय शिकवणार?" आणि पाकीट ओट्यावर परत ठेवलं. तुम्ही आग्रह केला नाही, ताक दिलंत. त्या पाकिटात दोन्ही वर्षांच्या फीचे मिळून चार हजार आठशे रुपये होते.