खालून गेलेला निरोप

प्रिय बाबा,

‘प्रिय’ लिहायचं जिवावर आलं होतं. पण पत्राची सुरुवात आईनं अशीच शिकवली, आणि तुमच्यावरच्या रागापायी तिची शिकवण मोडणार नाही.

चुलीवरच्या फळीवर माझे करंडक अजून आहेत ना? चार मोसमांचे चार, शिवाय जगज्जेतेपदाची दोन पदकं. पाहुणा आला की एकेक खाली काढता, बाहीनं पुसता आणि सांगता, “चार वर्षांची होती, मीच हिला गोठ्यामागच्या उतारावर सोडली.” खरं आहे. पायांत स्की बांधल्यात आणि पाठीत थाप मारलीत. मी रडले तर म्हणालात, “रडून उतार कमी होत नाही गं!” झेन्झी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण ती कधी रडली नाही. आधी उतार नीट बघायची, डोळे मिटून हातानं एकेक वळण घ्यायची, मगच सुटायची. तुम्हाला तो भित्रेपणा वाटायचा. मला विचाराल तर आम्हां बहिणींत खरी खेळाडू तीच होती. मी नुसती बेफाम होते.

आपल्या खोऱ्याची रीत तुम्हीच शिकवलीत. जी आधी उतरेल तिनं खाली पोचताच रेडिओवरून वर कळवायचं, बर्फ कुठं काचेसारखा झालाय, हवेत उडवणाऱ्या उंचवट्याची उसळी कुठं आहे. वर उभी असलेली कितीही मोठी प्रतिस्पर्धी असो. ही रीत जो मोडतो, त्याच्या टेबलाशी खानावळीत कुणी बसत नाही.

अठरा वर्षांपूर्वीची घरच्या उतारावरची शर्यत. सुटण्याच्या क्रमात माझा नंबर सात, झेन्झीचा एकोणीस. वर सुरुवातीच्या खोपटात रेडिओ तुमच्या हातात. तोवरच्यांत मी पहिली होते, लोक इतके ओरडत होते की शेजारच्यालाही काही ऐकू जाईना, पण हेल्मेट काढायच्याही आधी मी रेडिओ उचलला. म्हटलं, “बाबा, लार्चच्या झाडाखालच्या वळणानंतर उसळी आहे. झेन्झीला सांगा, वळण उंचावरून घे, घाई करू नको.” तुम्ही म्हणालात, “कळलं.”

हो बाबा, ‘कळलं’ म्हणालात तुम्ही! आणि झेन्झी त्या वळणावर सरळ आली. उसळीनं तिला हवेत भिरकावलं आणि ती गुडघ्यावर पडली. आठवड्यावर आलेली ऑलिंपिकची निवड तिथंच संपली.

इस्पितळात सगळ्यांनी विचारलं. माझं तोंड उघडायच्या आत तुम्ही सांगून टाकलंत, “खालून काही आलंच नाही.” मग मला कॉफीच्या यंत्रामागं ओढलंत. “पोर आधीच भित्री, सांगितलं असतं तर पाय आखडले असते तिचे. तू चॅम्पियन आहेस, तुला पचेल. मला या गावात राहायचंय.” आणि मी गप्प बसले! बाविशीची होते, हे काही कारण नाही. त्या गप्प बसण्याचा मला तुमच्याइतकाच राग येतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी. पुढचे तीन करंडक घेऊन आले तेव्हा स्वागताला गावच्या अग्निशमन दलाचा बँड वाजला नाही, खानावळीत शेजारची खुर्ची रिकामी राहिली. परवा एका पाहुण्यानं मला रस्ता विचारला तर बेकरीतली रोझा आतून ओरडली, “अहो, हिला विचारू नका! पुढचं वळण ही कुणाला सांगत नाही!” सगळे हसले. पावाच्या रांगेत तुम्हीही होतात, बाबा. खाली मान घालून पाव निवडत होतात. आणि झेन्झी, आखडलेला पाय स्टुलावर ठेवून डोंगरावर नेणाऱ्या दोरपाळण्याच्या तिकीटखिडकीत बसते. अठरा वर्षं ती वर न बघता मला तिकीट देतेय.

तेही मी मरेपर्यंत गिळलं असतं. पण झेन्झीची लेक फ्रोनी सोळा वर्षांची झाली. रविवारी ती पहिल्यांदा त्या पूर्ण उतारावर शर्यतीत उतरणार. ती उसळी बर्फातली नाही, जमिनीतली आहे, दर वर्षी तिथंच येते. आणि काल फोनवर तुम्ही मोठ्या अभिमानानं सांगितलंत, “वरचा रेडिओ माझ्याकडेच आहे. तू खालून बडबड करू नकोस, पोरीच्या डोक्यात भीती नको.” तिथंच मी फोन ठेवला. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

ते तुमच्याआधी झेन्झीच्या हातात दिलं. या खालच्या ओळी त्यानंतरच्या. तिनं खिडकीतच वाचलं, दोनदा वाचलं. बाहेर रांग खोळंबली होती. तिनं ‘बंद’ची पाटी लावली, दार उघडलं आणि मला आत घेतलं. रविवारी वर रेडिओ घेऊन ती उभी राहणार आहे आणि खाली मी. तुम्ही नातीला बघायला जरूर या. दोरीच्या बाहेर, बाकीच्या आजोबांबरोबर.

तुमचीच (ते काही बदलता येत नाही),
वाल्बुर्गा